जपानचे दार किलकिले होताना : बेळगाव-निपाणीच्या तरुणाने भाषावर्ग कसा पारखावा?

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस पंतप्रधान नरेंद्र मोदी टोकियोला गेले असता भारत आणि जपान यांनी मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीसंबंधी एक कृती आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये मिळून ५ लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यांत भारतातून जपानला जाणाऱ्या ५० हजार कुशल व होतकरू उमेदवारांचा समावेश असावा, असे उद्दिष्ट त्यात आहे. बातमी एक-दोन दिवस झळकली आणि मागे पडली. तिचा परिणाम मात्र महानगरांपेक्षा बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर यांसारख्या गावांत अधिक जाणवण्याचा संभव आहे. सरकारी घोषणेमागोमाग ‘भाषा शिका, परदेशी नोकरी मिळवा’ असे फलक लागणे हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे आणि त्या फलकांखाली उभा राहणारा मुलगा बहुधा अशाच गावांतला असतो.

म्हणून एक प्रश्न आजच विचारायला हवा. ज्याने जपानी भाषेचे एक अक्षरही पाहिलेले नाही, अशा सीमाभागातील तरुणाने शिकवणीचा वर्ग निवडावा कसा आणि पुस्तके घ्यावीत कोणती? प्रश्न वरवर शैक्षणिक वाटतो. प्रत्यक्षात तो घरच्या पैशांचा, तारुण्यातील दोन-तीन वर्षांचा आणि कित्येकदा कर्जाचा प्रश्न आहे. गोव्यातील वाचकालाही तो परका वाटू नये. चोर्ल्याच्या घाटातून रोज होणाऱ्या ये-जेमुळे बेळगाव आणि गोवा यांचे शिक्षणाचे व रोजगाराचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि परदेशगमनाची बरी-वाईट दोन्ही फळे गोमंतकीयांइतकी कुणी चाखली असतील?

जपानला माणसे का हवीत?

जपानची निकड खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. २०२४ मध्ये त्या देशातील वार्षिक जन्मसंख्या प्रथमच ७ लाखांच्या खाली गेली. दर दहा जपानी माणसांत जवळजवळ तिघे पासष्टी ओलांडलेले आहेत. कारखाने, शेते, हॉटेले आणि वृद्धाश्रम यांना हात कमी पडत आहेत. एप्रिल २०१९ मध्ये जपानने ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा नवा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबाबत सहकार्य करार केला. वृद्धसेवा, शेती, बांधकाम, औद्योगिक उत्पादन, मोटारदुरुस्ती, खाद्यसेवा, हॉटेल व्यवसाय अशी १६ क्षेत्रे या व्हिसासाठी खुली करण्यात आली आणि २०२४ पासूनच्या पाच वर्षांसाठी ८ लाख २० हजार माणसांची कमाल मर्यादा ठरवण्यात आली.

या चित्रात भारतीय अजून थोडे आहेत. २०२४ अखेर जपानमध्ये राहणाऱ्या भारतीयांची संख्या सुमारे ५४ हजार होती. व्हिएतनामी नागरिक त्याच वेळी ६ लाखांहून अधिक होते. या तफावतीची कारणे अनेक आहेत, पण भाषा हे त्यांतले ठळक कारण आहे. इंग्रजीच्या बळावर आखातात किंवा युरोपात निभावता येते. जपानच्या कारखान्यात, रुग्णालयात वा शेतावर ते चालत नाही.

बेळगावला जपान तसा अगदी अनोळखीही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान थाटले आणि पुढे १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. त्याच किर्लोस्कर नावाने शतकाच्या अखेरीस जपानच्या टोयोटाशी भागीदारी केली आणि बंगळुरूजवळील बिडदी येथे मोटारींचा कारखाना उभा राहिला. आज उद्यमबागेतील ओतशाळा आणि यंत्रशाळा, तसेच निपाणीपलीकडच्या कागल व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती हजारो तरुणांना यंत्रावरचे काम शिकवतात. तंबाखू आणि विडी यांवर पोसलेल्या निपाणीत नव्या पिढीला त्या धंद्यात भवितव्य दिसत नाही. कौशल्य हाती आहे आणि बाहेर पडण्याची इच्छाही आहे. मधली कडी आहे ती भाषेची.

आधी हेतू, मग वर्ग

वर्ग शोधण्यापूर्वी स्वतःला विचारायचा प्रश्न एकच : जपानी कशासाठी? उत्तराप्रमाणे वाट बदलते.

पहिली वाट कामगार व्हिसाची. तिला जपानी भाषेची ‘जेएलपीटी’ ही परीक्षा एन-४ या पातळीपर्यंत किंवा ‘जेएफटी-बेसिक’ ही संगणकावरील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्याखेरीज त्या त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा असते आणि वृद्धसेवेसाठी तिच्या जोडीला सेवाक्षेत्रातील भाषेची वेगळी चाचणीही. या व्हिसाच्या पहिल्या श्रेणीत एकूण पाच वर्षे राहता येते, पण कुटुंब सोबत नेता येत नाही. हे वर्गात नाव घालण्यापूर्वीच आई-वडिलांना आणि लग्न ठरत असेल तर त्या घरीही स्पष्ट सांगितलेले बरे.

दुसरी वाट विद्यार्थी व्हिसाची. जपानमधील भाषाशाळेत एक-दोन वर्षे शिकून पुढे महाविद्यालयात वा नोकरीत शिरायचे. या वाटेने जाणाऱ्यास परवानगी घेऊन आठवड्याला जास्तीत जास्त २८ तास काम करता येते. ‘तिथे काम करून शिक्षणाचा सगळा खर्च निघतो’ असे सांगणाऱ्याच्या हाती कागद-पेन द्यावे आणि २८ तासांच्या मजुरीतून फी, भाडे आणि जेवण वजा करून दाखवायला सांगावे. बाकी काय उरते हे पाहिल्यावर निर्णय सोपा होतो.

तिसरी वाट अभियंते, संगणकतज्ज्ञ आणि भाषांतरकार यांची. येथे कंपन्यांची अपेक्षा बहुधा एन-३ वा एन-२ पातळीची असते. तिला दोन-तीन वर्षांचा सातत्यपूर्ण अभ्यास लागतो, पण फळही टिकाऊ असते. पुण्यातील कंपन्यांत जपानी जाणणाऱ्यांना मागणी आहे. देश न सोडताही या भाषेवर चरितार्थ चालवता येतो. पुण्यात जपानी शिकून जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोतील एदोगावा विभागाच्या स्थानिक सभेवर निवडून आले आणि पुढे एका सरकारी माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. भाषा नीट आली तर ती कारखान्याच्या दारापाशी थांबत नाही, हे यावरून दिसते.

कामगार व्हिसासाठी एन-४ पुरेसे असताना एन-२ चे स्वप्न दाखवून तीन वर्षांची फी घेणारा वर्ग जसा चुकीचा, तसाच अभियंत्याला एन-५ वर ‘नोकरी पक्की’ सांगणाराही. हेतू ठरलेला असला की अशा दोन्ही दुकानांपासून आपोआप बचाव होतो.

तासांचे गणित

जाहिरातीतील आश्वासने तपासण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे गुणाकार-भागाकार. जेएलपीटी १९८४ पासून घेतली जाते. २०१० पूर्वीच्या जुन्या रचनेत सर्वांत खालच्या पातळीसाठी सुमारे १५० तास आणि तिच्या वरच्या पातळीसाठी सुमारे ३०० तास अध्ययन अपेक्षित धरले जाई. आजच्या एन-५ आणि एन-४ साठी हा अंदाज अजूनही उपयोगी पडतो.

आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तासांचा वर्ग असेल तर आठवड्याचे ६ तास होतात. १५० तासांसाठी २५ आठवडे, म्हणजे सुमारे सहा महिने लागतात. ‘तीन महिन्यांत एन-४’ असे कुणी म्हणत असेल तर ३०० तास १३ आठवड्यांत बसवायचे, म्हणजे आठवड्याला २३ तास, रविवार सोडून रोज जवळजवळ चार तास झाले. निवासी वर्गात, दुसरे काम नसलेल्या विद्यार्थ्याला हे अशक्य नाही. दिवसभर कागलच्या वसाहतीत पाळी करून संध्याकाळी निपाणीला परतणाऱ्या मुलाला ते जमणार नाही. म्हणून वर्गाच्या प्रमुखाला विचारावे : एकूण तास किती, आठवड्याला किती आणि घरचा अभ्यास किती धरला आहे? ज्याला हे तीन आकडे सांगता येत नाहीत, त्याने अभ्यासक्रम आखलेलाच नाही असे समजावे.

शिक्षक आणि शिकवण्याची रीत

दुसरी पारख शिक्षकाची. शिकवणाऱ्याने स्वतः कोणती पातळी उत्तीर्ण केली आहे, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. प्रारंभिक वर्गाला एन-२ उत्तीर्ण शिक्षक असावा, एन-३ च्या खालचा तर नसावाच. केवळ जपानमध्ये काही वर्षे राहिल्याने शिकवता येतेच असे नाही, आणि शिक्षक जन्माने जपानी असला म्हणजे व्याकरण उलगडून सांगेल असेही नाही. मराठी किंवा कानडी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला त्याची अडचण ओळखणारा शिक्षक अधिक उपयोगी पडतो. जपानी माणसाशी बोलण्याचा सराव पुढच्या टप्प्यावर मोलाचा ठरतो.

तिसरी पारख लिपीची. जपानीत हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला आहेत, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या. त्यांखेरीज चिनी मूळ असलेली कांजी चिन्हे आहेत. दैनंदिन वापराची म्हणून जपान सरकारने ठरवलेली कांजी २,१३६ आहेत, पण प्रारंभिक विद्यार्थ्याने त्या आकड्याला घाबरू नये. एन-५ ला सुमारे शंभर आणि एन-४ ला सुमारे तीनशे कांजी पुरतात. दोन्ही अक्षरमाला तीन-चार आठवड्यांत पक्क्या व्हायला हव्यात. दोन महिने उलटले तरी फळ्यावर रोमन लिपीच दिसत असेल तर तो वर्ग सोडावा. परीक्षेत रोमन लिपी येत नाही आणि जपानच्या रस्त्यावर ती सर्वत्र भेटत नाही.

चौथी पारख बोलण्याची. जेएलपीटीत शब्दसंपदा, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते. बोलणे आणि लिहिणे तपासले जात नाही. यामुळे प्रमाणपत्र हाती असूनही मुलाखतीत तोंड न उघडणारे उमेदवार तयार होतात. वर्गाच्या दोन तासांत प्रत्येक विद्यार्थी किती वेळा बोलतो, हे एखाद्या दिवशी मागच्या बाकावर बसून पाहावे. असे बसू देण्यास नकार देणाऱ्या वर्गाविषयी अधिक चौकशीची गरज उरत नाही. चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात भाषा शिकवता येत नाही. पंधरा-वीस ही संख्या योग्य.

पाचवी पारख निकालाची. भिंतीवर लावलेली छायाचित्रे हा निकाल नव्हे. गेल्या वर्षी किती जणांनी नावे घातली, किती परीक्षेस बसले आणि किती उत्तीर्ण झाले, हे तिन्ही आकडे मागावेत. दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांशी, शक्य तर अनुत्तीर्ण झालेल्याशीही, बोलावे. फी हप्त्यांनी द्यावी आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची पारख म्हणजे शिकवणारा आणि नोकरीला पाठवणारा एकच आहे काय, ही. एकच असण्यात मुळात गैर नाही, पण दोन्हींचे पैसे वेगळे आणि कागद वेगळे असावेत. भारताबाहेर नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याने १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी केलेली असावी लागते. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर ही नोंदणी कुणालाही तपासता येते. उमेदवाराकडून घेण्याच्या सेवाशुल्कालाही ३० हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर अशी मर्यादा आहे. तीन-चार लाख रुपये मागणाऱ्याने ती रक्कम कोणकोणत्या बाबींची आहे हे लेखी द्यावे, असा आग्रह धरावा.

मराठीची शिदोरी

मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला परदेशी भाषेच्या वर्गात न्यूनगंड वाटतो, कारण बहुतेक पुस्तके इंग्रजीतून समजावतात. जपानीच्या बाबतीत मात्र मराठी आणि कानडी ही ओझी नसून शिदोरी आहे.

जपानी वाक्यात कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद असा क्रम येतो. मराठीत आणि कानडीतही तोच. इंग्रजीत शब्दाआधी येणारे संबंधदर्शक शब्द जपानीत नामानंतर येतात, जसे मराठीत ‘ला’, ‘ने’, ‘त’ हे प्रत्यय येतात. ‘मी बेळगावात जपानी शिकतो’ हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून जपानीत नेले तरी रचना फारशी मोडत नाही. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतील अंतर ज्याला घरातच कळलेले आहे, त्याला जपानीतील आदरवाचक रूपांमागचा विचार समजावून सांगावा लागत नाही. नामाला लिंग नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, ही तर मराठीपेक्षाही सोपी बाब.

जपानी अक्षरांचा क्रमही आपल्या ओळखीचा आहे. आ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व असे वर्ग. बौद्ध धर्माबरोबर जपानला गेलेल्या सिद्धम् लिपीच्या आणि संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून हा क्रम रुजला. आपल्या बालवाडीतील पाटीवरचा क्रम तिथल्या शब्दकोशात भेटतो. ‘त्सु’ हा उच्चार इंग्रजी शिकलेल्यांना जड जातो. मराठी मुलाने ‘चमचा’मधला दंततालव्य च आठवावा, तो त्याच्या जवळ पोहोचतो.

धोक्याची जागा एक आहे, ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी बोलताना आपण इकार-उकारांकडे दुर्लक्ष करतो. जपानीत ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. ‘किते’ म्हणजे ‘ये’ आणि ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट. येथे देवनागरीचा उपयोग करून घेता येतो. रोमन लिपीपेक्षा देवनागरीत हा भेद नेमका दाखवता येतो. पहिल्या दोन आठवड्यांत शिक्षकाने देवनागरीची कुबडी द्यावी आणि तिसऱ्या आठवड्यात ती काढून घ्यावी.

पुस्तके आणि साधने

बाजारात नावे बरीच आहेत. प्रारंभी एकच मुख्य पुस्तक धरावे. भारतातील अनेक वर्गांत ‘मिन्ना नो निहोंगो’ वापरले जाते. त्याच्या प्रारंभिक दोन भागांत मिळून ५० पाठ आहेत आणि त्याची भारतीय आवृत्तीही मिळते. मूळ पाठ्यपुस्तक संपूर्ण जपानीत असल्याने भाषांतर आणि व्याकरणाच्या टिपांचे जोडपुस्तक वेगळे घ्यावे लागते. हे माहीत नसल्याने एकच पुस्तक घेऊन बसणारे गोंधळतात. व्याकरणाचा पाया घट्ट करायला हे पुस्तक उत्तम, पण शिक्षकाविना जड. ‘गेंकी’ हे पुस्तक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिलेले आहे आणि त्याचे विवेचन इंग्रजीत आहे. इंग्रजी चांगले असलेल्याला ते स्वाध्यायासाठी सोयीचे पडते.

जपान फाउंडेशन या जपानी सांस्कृतिक संस्थेची साधने आपल्याकडे अजून पुरेशी परिचित नाहीत. ‘मारुगोतो’ ही पाठ्यपुस्तकमाला संवाद आणि संस्कृतीवर भर देते. ‘इरोदोरी’ ही माला तर जपानमध्ये जाऊन राहणाऱ्या, काम करणाऱ्या माणसासाठीच रचलेली आहे : दुकानात, बसथांब्यावर, कामाच्या जागी, दवाखान्यात काय बोलावे ते शिकवणारी. तिचे पाठ आणि ध्वनिफिती संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. कामगार व्हिसाची वाट धरणाऱ्याने जेएफटी-बेसिकच्या तयारीसाठी प्रथम हीच माला पाहावी. त्याच संस्थेचे ‘मिनातो’ हे शिक्षणस्थळ घरबसल्या अभ्यासाची सोय करते, आणि एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचे सोपे जपानी पाठ हिंदीतूनही ऐकता येतात.

शब्द आणि कांजी यांच्या उजळणीसाठी ‘अंकी’सारखे विनामूल्य साधन मोबाइलवर ठेवावे, रोज दहा नवे शब्द आणि जुन्यांची उजळणी एवढा नेम पुरे. कांजी मात्र चौकटीच्या वहीत हातानेच गिरवावी. खेळवत शिकवणारी मोबाइल अ‍ॅप गोडी लावतात. त्यांच्या भरवशावर परीक्षा देता येत नाही. जेएलपीटीच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक पातळीच्या नमुना प्रश्नपत्रिका विनामूल्य आहेत. वर्गाने ‘खास नोट्स’ म्हणून विकलेल्या झेरॉक्स गठ्ठ्यापूर्वी त्या सोडवून पाहाव्यात.

गुणांची रीतही आधी समजून घ्यावी. एन-५ आणि एन-४ या परीक्षा १८० गुणांच्या. एन-५ ला ८० आणि एन-४ ला ९० गुणांवर उत्तीर्ण होता येते; पण भाषाज्ञान व वाचनात १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९ गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. श्रवणाकडे दुर्लक्ष केलेला विद्यार्थी एकूण गुण भरपूर असूनही अनुत्तीर्ण होतो. जेएफटी-बेसिक ही ६० मिनिटांची परीक्षा २५० गुणांची असून तिला २०० गुण लागतात. जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. बेळगावकराला जवळचे केंद्र सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरचे पुणे किंवा त्याहून दूरचे बंगळुरू. नोंदणीची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि जागा लवकर भरतात. परीक्षेच्या तारखेइतकीच नोंदणीची तारीख लक्षात ठेवावी.

कर्जाचा सापळा

या साऱ्या सावधगिरीला एक कटू पार्श्वभूमी आहे. जपानच्या ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजनेत गेली तीन दशके आशियातील तरुण गेले. शिकायला म्हणून नेलेल्यांकडून स्वस्तात श्रम करून घेतल्याची टीका तिच्यावर सातत्याने झाली. जपानच्या सरकारी यंत्रणेने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत प्रशिक्षणार्थींनी येण्यापूर्वी मायदेशात सरासरी ५ लाख ४० हजार येन मोजल्याचे आणि निम्म्याहून अधिकांनी त्यासाठी कर्ज काढल्याचे आढळले. कर्जाच्या ओझ्याखालचा माणूस मालकाचा जाच सहन करतो, कारण परत जाणे त्याला परवडत नाही. जपानच्या संसदेने जून २०२४ मध्ये ही योजना मोडीत काढणारा कायदा केला. एप्रिल २०२७ पासून तिची जागा नवी व्यवस्था घेणार असून तिच्यात ठरावीक अटींवर मालक बदलण्याची मुभा राहील आणि आरंभीच किमान भाषाज्ञान अपेक्षित असेल. जपानमधील भाषाशाळांसाठीही एप्रिल २०२४ पासून सरकारी मान्यतेची नवी पद्धत लागू झाली आहे. विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याने आपली शाळा त्या यादीत आहे काय, हे आधी पाहावे.

व्हिएतनाम, इंडोनेशिया, नेपाळ या देशांनी जे सोसून शिकले, ते सीमाभागाने पुन्हा सोसून शिकण्याचे कारण नाही. जपानी भाषेचा प्राथमिक वर्ग हा त्या साखळीचा पहिला दुवा आहे. घरचा अर्धा एकर गहाण पडण्याची वेळ येते ती येथूनच सुरू झालेल्या वाटेवर. त्यामुळे भाषा शिकताना पहिले सहा महिने फक्त भाषेचे पैसे द्यावेत, व्हिसाचे वा नोकरीचे नव्हेत. एन-५ उत्तीर्ण होण्याआधी ‘जागा राखून ठेवण्यासाठी’ म्हणून मागितलेला रुपयाही देऊ नये. सहा महिन्यांत स्वतःचा कल कळतो, वर्गाची लायकी कळते आणि माघार घ्यायची झाली तरी घर बुडत नाही.

कुणाचे दायित्व?

व्यक्तीने काय पाहावे हे झाले. पण चाणाक्षपणाचा सारा भार अठरा-वीस वर्षांच्या मुलावर टाकणे न्याय्य नाही. सीमाभागाचे दुखणे येथे पुन्हा डोके वर काढते. १९५६ पासून चिघळलेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमावाद एकीकडे. दुसरीकडे शिक्षणासाठी कोल्हापूर-पुण्याकडे आणि सरकारी कागदासाठी बंगळुरूकडे पाहणारा तरुण. दोन राज्ये ज्या भूमीवर हक्क सांगतात, तिथल्या मुलाला साधी परकीय भाषा शिकवण्याचे दायित्व कुणाचे, हे मात्र स्पष्ट नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, परिचारिका शिक्षणाच्या नामांकित संस्था आहेत. यांपैकी कुणीही एन-५ पर्यंतचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम रास्त शुल्कात सुरू केला तर खासगी वर्गांना एक मापदंड मिळेल. कर्नाटक कौशल्य विकास महामंडळाच्या आंतरराष्ट्रीय स्थलांतर केंद्राने आपले काम बंगळुरूबाहेर बेळगावपर्यंत न्यावे. महाराष्ट्र शासन ज्या ८६५ गावांवर दावा सांगते, तेथील विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक प्रवेशांत स्वतंत्र तरतूद आहे. त्याच न्यायाने पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांतील परकीय भाषा विभागांनी या गावांसाठी दूरस्थ वर्ग चालवणे अवघड नाही. पुण्यातील जपानी शिक्षकांची परंपरा आणि सीमाभागातील गरज यांना जोडायला एक चांगली इंटरनेट जोडणी आणि महिन्यातून एक प्रत्यक्ष सत्र पुरेसे आहे. मराठी वाचनालयांनी ‘मिन्ना नो निहोंगो’चे दोन संच आणून ठेवले तरी एका गावाचे काम भागेल.

गोव्यानेही यात हात राखण्याचे कारण नाही. हॉटेल व्यवसाय आणि खाद्यसेवा ही जपानने खुली केलेली क्षेत्रे गोमंतकीय तरुणांच्या हातखंडा कौशल्याची आहेत. आणि जपानीशी गोव्याचे नाते तर पावणेपाचशे वर्षांचे आहे. कागोशिमाचा आन्जिरो १५४८ मध्ये गोव्यात आला, सेंट पॉल महाविद्यालयात शिकला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियरबरोबर दुभाषा म्हणून मायदेशी परतला. दोन भाषांच्या मध्ये उभा राहणारा माणूस किती मोलाचा असतो, हे या भूमीने तेव्हाच पाहिले होते. गोवा आणि बेळगाव यांनी मिळून एखादा परीक्षा-तयारी वर्ग चालवला तर घाटाच्या दोन्ही बाजूंना त्याचा लाभ होईल.

५० हजारांच्या उद्दिष्टात सीमाभागाचा वाटा किती असेल, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नाही. तो वाटा कर्जबाजारी मजुरांचा असेल की भाषा आणि कौशल्य या दोन पायांवर उभ्या असलेल्या कामगारांचा, याचा निर्णय मात्र पहिल्या सहा महिन्यांच्या वर्गात बराचसा होऊन जाईल. नोंदणीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी शिक्षकाची पातळी, एकूण तास आणि गेल्या वर्षीचा निकाल एवढे तीन प्रश्न प्रत्येक घराने विचारले, तरी पुष्कळ चुकीची दुकाने आपसूक बंद होतील.